अमानत परत मागताना

दिलेली अमानत मुदतीआधी परत मागता येते काय? पैशाच्या बाबतीत आम्ही या प्रश्नाचे उत्तर क्षणात देतो. ठेव घेणाऱ्याची नियत फिरली, तर पाच वर्षे थांबत कोण बसणार? मताच्या बाबतीत मात्र आम्ही थांबतो.

आमच्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, हा प्रश्न नवा नाही. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २०११ साली लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याचा हक्क मागितला. आमदार-खासदारांबाबत तो मिळाला नाही. गावात मात्र एक अरुंद वाट आहे. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ साली आली, २०२० साली गेली, २०२२ साली परत आली. अशा सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला, तरी ग्रामसभेत गुप्त मतदान व्हावे लागते. शेवटचा शब्द गावाचा. शेजारच्या मध्य प्रदेशात अनूपपूरच्या नगराध्यक्षांना २००१ साली मतदारांनीच मतपेटीतून घरी पाठवले. तिथे निवड एवढीच असते: भरलेली खुर्ची की रिकामी खुर्ची.

हक्क चांगलाच, पण आम्हाला भीतीही वाटते. खेड्यात आमची घरे मोजकी. आमच्यातला कुणी सरपंच होतो तो साऱ्या गावाच्या मतांनी. उद्या दूर कुठे दंगल पेटली, अफवा उठली, तर त्याचा कारभार न पाहता नुसते नाव पाहून शिक्के पडतील. दलित सरपंचाची, राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईची भीती याहून वेगळी नाही.

म्हणून हा हक्कच नको म्हणावे काय? तसे म्हणण्याआधी आम्ही स्वतःकडे पाहिले पाहिजे. मोहल्ल्यातला नगरसेवक गटारीचे पैसे खातो, तेव्हा ‘आपला माणूस आहे, जाऊ द्या’ म्हणून आम्ही गप्प बसतो. तेव्हा आम्ही तरी काय पाहतो? नावच ना? नाव पाहून काढणे हा जुलूम असेल, तर नाव पाहून सांभाळणे हा इन्साफ कसा?

अमानत घेणाऱ्याने हिशेब द्यावा, हे खरे. पण परत मागणाऱ्यानेही कारण सांगावे, समोरच्याचे ऐकून घ्यावे. लेखी आरोप, उत्तर देण्याची संधी, गुप्त मतदान एवढे कायदा देऊ शकेल. शिक्का मारणाऱ्या हातामागची नियत कायदा देऊ शकत नाही. ती आमची आम्हालाच तपासावी लागेल. आणि सुरुवात आपल्या माणसापासून करावी लागेल.