गर्भिणी आणि वनौषधी

वनस्पतीपासून बनलेले औषध निर्धोकच असते, ही समजूत गर्भारपणात विशेष घातक ठरते. कारण औषध एकटी आई घेते, पण परिणाम दोन जिवांवर होतो. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात रब्बीत घेतली जाणारी करडई याचे बोलके उदाहरण आहे. तिची कोवळी भाजी आणि घाण्याचे तेल मराठवाड्याच्या जेवणातले नेहमीचे. परंतु तिच्याच वाळवलेल्या पाकळ्या चिनी वैद्यकात ‘होंगहुआ’ या नावाने साकळलेले रक्त वाहते करण्यासाठी व अडलेली पाळी मोकळी होण्यासाठी दिल्या जातात, आणि गर्भवतीला त्या जपून द्याव्यात, अशी सूचना चीनच्या अधिकृत औषधसंहितेतच आहे. म्हणजे झाडाचा कोणता भाग, किती मात्रेत आणि कितव्या महिन्यात घेतला, यावर सारे अवलंबून असते.

ज्येष्ठमधाचेही तसेच आहे. तो आयुर्वेदात आणि चिनी काढ्यांतही सर्रास वापरला जातो. त्यातील ग्लिसिरायझिन हे गोड द्रव्य वारेतील एका विकराला, म्हणजे आईच्या कॉर्टिसोल या संप्रेरकापासून गर्भाला राखणाऱ्या घटकाला, अटकाव करते. ज्येष्ठमधाची मिठाई आवडीने खाल्ली जाणाऱ्या फिनलंडमध्ये तिचे अतिसेवन आणि लवकर होणारी प्रसूती यांचा संबंध अभ्यासांत दिसून आला आहे.

‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात’ हा युक्तिवाद इथे अपुरा पडतो. पहिल्या तीन महिन्यांत अनेक गर्भ आपोआपच पडतात, त्यामुळे त्यांतला एखादा काढ्यामुळे पडला असला, तरी घरच्या अनुभवाला तो वेगळा ओळखता येत नाही. शिवाय परंपरेने स्वतः असा बेफिकीरपणा कधीच शिकवलेला नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्रासारखे सांभाळावे, तिला मृदू व मधुर औषधे द्यावीत आणि वमन-विरेचनासारखे तीव्र उपचार टाळावेत, असे सांगितले आहे. औषध वैद्याच्या हातून सुटून दुकानातल्या डबीत आले, की हा सावधपणा मागे पडतो.

डबीत नेमके काय आहे, हा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेल्या सहा गर्भवती आढळल्या आणि त्या सहाही जणींनी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेतली होती. शिसे वार ओलांडून गर्भाच्या मेंदूला इजा करते.

याचा अर्थ प्रत्येक वनौषधी त्याज्य आहे, असा नव्हे. गर्भारपणातील मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, हे चाचण्यांत दिसले आहे. औषध चिनी असो, आयुर्वेदिक असो की ॲलोपॅथिक, कसोटी एकच असायला हवी. म्हणूनच छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापासून गावच्या उपकेंद्रापर्यंत प्रत्येक तपासणीत काढा, चूर्ण, भस्म यांची विचारपूस न रागावता व्हावी व उत्तर माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदले जावे. आणि घरच्यांनीही पुडी वा डबी लपवून न ठेवता डॉक्टरांना किंवा वैद्यांना दाखवावी, त्यांनी होकार देईपर्यंत ती गर्भवतीच्या हाती देऊ नये.