जुने घर आणि उंबरठा

देवळाच्या जीर्णोद्धारास वर्गणी जमते. घराचा जीर्णोद्धार मात्र हाती पैसा येईल तसा वर्षानुवर्षे चालतो. भैंसा येथील जुन्या मातीच्या घरांची हीच कथा. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते व भिंत बाहेरून चकचकीत, आतून भुसभुशीत होते. चुना ती ओल बाहेर जाऊ देतो. तेव्हा जुन्याची डागडुजी जुन्याच्या प्रकृतीनेच करावी, हे मान्य.

पण हा नियम उंबरठ्यापाशी अडतो. सागवानी उंबरठा वीतभर उंच. वृद्ध आईला पाऊल उचलवत नाही. मुलगा म्हणतो, आजोबांनी बसविलेले पूजेचे लाकूड हलवू नये. सून म्हणते, सासूबाई पडतील. मान कोणाचा राखावा, गेलेल्यांचा की असलेल्यांचा?

मला सुनेचेच पटते. (मुलाचा राग पत्करून लिहितो.) अहिल्याबाईंनी १७८० साली काशीविश्वेश्वराचे मंदिर उभारले तेही मूळ जागी नव्हे, शेजारी, तरी भक्तांनी विश्वेश्वर तोच मानिला. उंबरठाही आत-बाहेर करणाऱ्या माणसांमुळेच पूज्य झाला ना? मात्र काढलेले लाकूड सरपणात जाऊ नये. दोन तुकडे जोडले तर आईला देवापुढे बसावयास पाट होईल.