बरणी आणि कोठार

प्रिय धर्मग्रामस्थांनो,

गेल्या बुधवारी रात्री वारा सुटला आणि सकाळी चर्चच्या आवारातील रायवळ आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडला होता. मिस्सानंतर एक आजी पदरात कैऱ्या गोळा करता करता मला म्हणाल्या, "फादर, उद्याची चिंता करू नका असं तुम्हीच सांगता ना? मग ह्या मी खारात घालू की नको?" त्या हसत होत्या, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आपल्या वसईत पावसाळ्याची बेगमी ही कधी हौस नव्हती. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, भाजी महाग होते, आणि मग पेजेबरोबर खारातली कैरी हीच भाजी. आमच्या घरी एका पगारात सहा माणसे जेवत. आईचा हिशेब साधा होता. साखर विकत आणावी लागते, तेल तर त्याहून महाग. ऊन फुकट, मीठ जवळपास फुकट. म्हणून वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांची आंबोशी आणि खार भरपूर, तेलाचे लोणचे बेताचे, आणि साखरांब्याची एकच लहान बरणी. वाडीतली राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात घालायची, त्यांची सुकेळी होत. (आता ती मोजक्याच घरी होतात, ही माझी एक तक्रार आहे.) फळातले पाणी काढून घेतले की फळ टिकते. मीठ, साखर आणि ऊन, तिघांचेही काम तेच. आणि एक ओला चमचा आत गेला की सगळी मेहनत वाया.

आता शास्त्राकडे वळू. लूकच्या शुभवर्तमानातील धनवान मनुष्य जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघतो आणि त्याच रात्री मरतो (लूक १२). अरण्यात सकाळपर्यंत राखून ठेवलेल्या मान्नात किडे पडतात (निर्गम १६). एवढेच वाचले तर आजी दोषी ठरतील. पण त्याच अध्यायात शब्बाथासाठी आदल्या दिवशी ठेवलेला मान्ना नासत नाही. योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवतो, म्हणून मिसर देश दुष्काळात जगतो. पाच हजारांना जेवू घातल्यावर खुद्द प्रभू उरलेले तुकडे गोळा करायला लावतो, त्या बारा टोपल्या भरतात. तेव्हा साठवणे हाच दोष नव्हे. मग दोष कशात?

१३ व्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न सरळ विचारला आहे : माणसाने पुढची काळजी करावी का? त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक ऋतूला त्याची स्वतःची काळजी असते. उन्हाळ्यात कापणीची, शरदात द्राक्षांची. कापणीच्या वेळी जो द्राक्षांसाठी झुरतो, तो उद्याचे ओझे आजच उचलतो. मुंगीची काळजी मात्र वेळेवरची. शिवाय प्रभूच्या मंडळींजवळही पैशांची थैली होती, याची ते आठवण देतात. गोरेगावच्या सेमिनरीत हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. समजले ते पुढे, आमच्याच गच्चीवर आंबोशी उलटताना. मे महिन्यात कैरीची काळजी करणे हा अविश्वास नव्हे, ते मे महिन्याचे काम आहे.

पण वेळेवर साठवले म्हणून सुटलो, असेही नाही. तो धनवान मनुष्य बोलतो ते फक्त स्वतःशी. त्याच्या बोलण्यात दुसरे माणूसच नाही. याच दाखल्यावर बोलताना चौथ्या शतकात संत बाझिल श्रीमंतांना म्हणाले की तुम्ही ठेवून दिलेली भाकर भुकेल्याची आहे. हे वाक्य एका बरणीवर संसार काढणाऱ्या बाईच्या माथी मारू नये, असे मला वाटते. तरी एका बरणीचाही मोह असतो.

मी दहा वर्षांचा असेन. शेजारच्या काकी आल्या. काकांना ताप होता, तोंडाला चव नव्हती. थोडा साखरांबा मिळेल का? आई म्हणाली, "संपला गं." बरणी तांदळाच्या पिंपामागे होती, हे मला ठाऊक होते. मारियामातेच्या जन्मदिनी, ८ सप्टेंबरला, पाहुण्यांसाठी ती उघडली तर वर पांढरी बुरशी. आईने काही न बोलता ती माडाच्या बुंध्याशी ओतली. पुढच्या वर्षीपासून साखरांब्याची पहिली वाटी काकींकडे जाऊ लागली. ती मीच पोहोचवत असे.

आईला ती देवाची शिक्षा वाटली असावी, असे मी धरून चाललो होतो. बुरशी कशी आली हे मला माहीत होते. मी दोनदा ओले बोट घातले होते. एका खोट्या समजुतीतून चांगली सवय लागली असेल तर ती मोडावी का? सेमिनरीत दुसऱ्या वर्षी या प्रश्नावर मी पुष्कळ डोके खाल्ले आणि शेवटी सुट्टीत आईला सांगून टाकले.

ती कैऱ्या चिरत होती. म्हणाली, "तुझं बोट मला तेव्हाच कळलं होतं. पण मी तिला नाही म्हटलं होतं ना?"

आवारातील उरलेल्या कैऱ्या टोपलीत भरून चर्चच्या ओट्यावर ठेवल्या आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी आजच्या मिस्सानंतर न्याव्यात.

आपला धर्मगुरू