शाळा सोडण्याचं कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. मुलांसाठी तो दोन शब्दांत भरला जातो. शिक्षकाने शाळा सोडली तर दाखला निघत नाही, पण कारण अख्खं गाव विचारतं.

माझी एक मैत्रीण रोह्याजवळच्या एका शाळेत चार वर्षं गणित शिकवत होती. आता ती पुण्यातल्या एका कंपनीत यूएक्स डिझायनर आहे. ॲप वापरणाऱ्याला आधी काय दिसावं, त्याने कुठे दाबावं, तो कुठे अडखळेल, हे ठरवण्याचं काम. मी पेणचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर. असे आराखडे कोडमध्ये उतरवणं ही माझी नोकरी. त्यामुळे 'मुलं सोडून बटणं रंगवायला गेलीस?' हा तिला विचारलेला प्रश्न थोडा मलाही लागतो. लोकांच्या उपयोगाचं काम सोडून आपल्या सोयीचं काम धरणं चूक आहे का?

आधी पैशांबद्दल बोलू, कारण तिथे आपण फार लवकर लाजतो. महाराष्ट्रात नवा शिक्षक पहिली तीन वर्षं 'शिक्षणसेवक' असतो. २०२३च्या आधी प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला ६,००० रुपये मानधन होतं, ते १६,००० झालं. माध्यमिकला ८,०००चे १८,००० झाले. तासिका तत्त्वावर असाल तर जेवढे तास तेवढेच पैसे. सुट्टी लागली की तेही बंद. एवढ्यावर माणसं राबवायची आणि वर 'पवित्र पेशा' म्हणत त्यांच्याकडे त्याग मागायचा, हे दुसऱ्याच्या खिशातून दान करण्यासारखं आहे. तेव्हा तिने का सोडलं, हे विचारायचा हक्क आपल्याला फारसा नाही. पण सोडून जे धरलं त्याचं काय, हा प्रश्न उरतो. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

दोन्ही कामांत एक शब्द सारखा आहे: गळती. ऑफिसात शंभर जणांनी फॉर्म उघडला आणि साठ जणांनीच पूर्ण केला, तर चाळीस गळाले असं आम्ही म्हणतो. शाळेतली गळती वेगळी. पेण-रोह्याच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघतात. मुलांची नावं पटावर राहतात, मुलं वर्गात नसतात. आमच्याकडे गळती म्हणजे आलेखावरची उतरती रेघ. शिक्षिकेसाठी ती खिडकीजवळच्या बाकावर बसणारी, पाढे चुकले की जीभ चावणारी मुलगी असते.

या गळतीचा विचार महाराष्ट्रात फार आधी शिक्षकांनीच केला. ताराबाई मोडक राजकोटच्या एका महिला प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. १९४५मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सोबत अनुताई वाघ होत्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. जी गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. मुलात काय कमी आहे हे न शोधता त्यांनी शाळेची जागा तपासली. आज आम्ही ज्याला यूजर रिसर्च म्हणतो, त्यात याहून वेगळं काही नाही.

मग शिक्षिका आणि डिझायनर एकच का? नाही. स्टीव्ह क्रुग यांच्या २०००मध्ये आलेल्या, आमच्या क्षेत्रात बहुतेकांनी वाचलेल्या पुस्तकाचं नावच 'डोन्ट मेक मी थिंक' आहे. मला विचार करायला लावू नका! गणिताच्या शिक्षिकेचं काम नेमकं उलटं. तिला मूल अडायला हवं असतं, थोडा वेळ तरी.

हा पेच सोडवायला मला पेण तालुक्यातलंच एक उदाहरण सापडतं. विनोबा भावे १८९५मध्ये गागोद्याला जन्मले. त्यांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती आणि मराठी समश्लोकीही जड जात होती. तूच का लिहीत नाहीस, असं तिने मुलाला विचारलं. आई १९१८मध्ये गेली. 'गीताई' लिहून झाली १९३१मध्ये. जिच्यासाठी लिहायची ती वाचायला नव्हती, तरी सोपेपणाचं माप तीच राहिली. विनोबांनी भाषेचा उंबरा खाली आणला. आतला विचार मात्र वाचणाऱ्याला स्वतःच करावा लागतो.

उंबरा खाली आणणं आणि माणसाच्या वतीने ठरवून टाकणं, यात फरक आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म सोपा हवा. झटपट कर्जाचं 'हो' मात्र इतकं सोपं नको की व्याज वाचायच्या आत अंगठा पडेल. शिवाय दहावीनंतर मुलांना आपली गरज उरली नाही, तर शिक्षिका जिंकते. ॲपचं तसं नाही. माणूस निघून गेला की ॲप हरतं.

मैत्रिणीला एकदा कामात सांगण्यात आलं की वर्गणी रद्द करण्याचं बटण तिसऱ्या स्क्रीनवर ढकल. ती म्हणाली, "पेपरात मीही अवघड प्रश्न घालायचे. पण पेपर परत देताना कुठे चुकलं ते सांगायचे. इथे माणूस चुकावा आणि त्याला कळूही नये, असं हवंय." केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला अशा १३ फसव्या रचनांची यादी काढली, वर्गणीचा सापळा तिच्यात आहे. मैत्रिणीने ती यादी मीटिंगमध्ये ठेवली. बरीच वादावादी झाली आणि बटण दुसऱ्या स्क्रीनवर आलं. पहिल्यावर नाही आलं.

यातून शाळेचं देणं फिटतं असं मी म्हणणार नाही. तिच्या जागी दुसरं कुणी येईपर्यंत सातवीचा वर्ग गणिताशिवाय बसला, आणि पुण्यातल्या कुठल्याही स्क्रीनने ते तास परत येत नाहीत. पण ते देणं तिच्या एकटीच्या नावावर टाकणंही खोटं आहे. तिला वर्गात टिकवणं परवडत नाही असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

तिच्या नव्या कामाचा बरेवाईटपणा मात्र तपासता येतो, आणि तिच्या आराखड्यावर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांचाही. आपण बनवलेलं वापरून झाल्यावर माणसाला स्वतःचं स्वतः काय करता येतं? त्याला निघायचं असेल तेव्हा दार सापडतं का? शाळेत घंटा झाली की दार उघडंच असायचं. फोनवर ते कुणीतरी ठरवून ठेवावं लागतं.