झाडलेले, पण रिकामे घर

मननाचा शास्त्रभाग : मत्तय १२:४३–४५



जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्यास बिबट्याची ओळख करून देणे नको. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही धरणे झाली, कालव्यांनी पाणी आले, आणि गावोगाव उसाचे फड उभे राहिले. उसात लपावयास जागा आहे, जवळ पाणी आहे, आणि वस्तीवर कुत्री व शेरडे आहेत. म्हणून बिबट्या तेथे राहू लागला. त्याची कित्येक पिले उसातच जन्मतात. त्यांचे रान तेच.

ह्यावर एक उपाय करण्यात आला. २००१ सालच्या फेब्रुवारीनंतर ह्या भागातील २९ बिबटे धरून सरासरी सुमारे ४० किलोमीटर दूर रानात नेऊन सोडले. आता पीडा टळली, असे कोणासही वाटले असते. परंतु झाले उलटेच. १९९३ पासून २००१ पर्यंत मनुष्यांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. २००१ ते २००३ ह्या काळात ती सरासरी १७ झाली, आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. अभ्यासकांनी ही हकीकत २०११ साली प्रसिद्ध केली. एक बिबट्या नेला तरी ऊस, पाणी व उघडा गोठा ही जागच्या जागीच राहतात. आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येऊ शकतो.

बिबट्या देवाने निर्माण केलेला प्राणी आहे. तो पापी नव्हे. ज्या घरांतील लेकरे गेली त्यांचा दोष होता, असेही आम्ही म्हणत नाही. आपण बोध घ्यावयाचा तो रिकाम्या जागेविषयी.

प्रभु येशूने हाच बोध एका दृष्टांताने केला. मनुष्यातून निघालेला अशुद्ध आत्मा विसाव्याची जागा न मिळाल्यामुळे परत येतो. घर झाडलेले व सुशोभित, परंतु रिकामे आहे, असे पाहून तो आपणाहून दुष्ट असे आणखी सात सोबती आणतो. आणि त्या मनुष्याची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते. त्या घरात केर नव्हता. उणीव एवढीच की, त्यात कोणी राहत नव्हते.

बंधूंनो, दारू सोडण्याची शपथ आपल्या मंडळ्यांत कितीदा घेतली जाते! सभेत डोळ्यांत पाणी येते, सर्व जण आनंद करितात. पुढे बाजाराचा दिवस येतो. हातात मजुरीचे पैसे असतात, जुने सोबती हाक मारितात, आणि दिवेलागणीची जी वेळ पूर्वी गुत्त्यात जात असे ती आता रिकामी असते. त्या वेळी काय करावे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. तो पडला म्हणजे आपण म्हणतो, ह्याचा विश्वासच खोटा. विश्वास खोटा नसेल. वेळ रिकामी होती.

पौल इफिसकरांस लिहिताना चोराला केवळ चोरी सोड म्हणून थांबत नाही. स्वतःच्या हातांनी श्रम कर व गरजवंतास दे, असे तो सांगतो. ज्या हातांनी घेतले त्याच हातांनी आता द्यावयाचे. जुने टाकणे हे अर्धेच काम. त्या जागी नवे धारण केले पाहिजे.

बिबट्याच्या मुलखातील लोकही हेच शिकत आहेत. गोठा रात्री बंद करणे, दाराशी दिवा ठेवणे, लेकरांस अंधारात एकटे न सोडणे, उसाच्या कडेला एकट्याने न बसणे, ह्या लहान गोष्टी होत. त्यांत शौर्य नाही, परंतु त्या रोज कराव्या लागतात. आणि रोज केल्यानेच त्यांचा उपयोग होतो.

म्हणून ज्याने व्यसन, शिवीगाळ किंवा सणासाठी कर्ज काढण्याची चाल सोडली असेल, त्याने आजच ठरवावे की त्या जागी काय येणार. मजुरी आधी घरी पत्नीच्या हाती द्यावी. दिवेलागणीस लेकरांसह प्रार्थना करावी. बाजारास एकटे जाऊ नये.

आणि उपदेशक बंधूंनो, शपथ घेणाऱ्यांची नावे वहीत लिहून समाधान मानू नका. त्या रात्रीनंतर येणाऱ्या संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. तो पडला असेल तरीही जा. तेव्हा तर अगोदर जा. आपल्या हातून ह्यात पुष्कळ कसूर झाली आहे.

हे प्रभो, आमची घरे तू झाडिली आहेस. आता त्यांत येऊन राहा, आणि आमच्या रिकाम्या वेळा आपल्या सेवेने भर. आमेन.