गोविंदा देवाचा की मैदानाचा?

उत्सव कृष्णाचा, पण ठाण्यात टेंभी नाक्याला थर लागायला लागले की घोष होतो बजरंगबलीचा. गोविंदा जितका देवळातून आला तितकाच तालमीतूनही आला आहे, म्हणून हे कुणाला खटकत नाही. तळाला उभी असलेली माणसं एकमेकांच्या खांद्यांत हात गुंतवून मान खाली घालून असतात. वर किती थर लागले, हे त्यांना दिसत नाही. खांद्यावरचे पाय थरथरले की तेवढ्यावरून वरचा अंदाज घ्यायचा. त्या क्षणी हा भक्त आहे की खेळाडू, हे वेगळं काढता येणार नाही.

पण सरकारदरबारी आणि कोर्टात ते वेगळं काढावंच लागतं. राज्य सरकारने 2015 मध्ये दहीहंडीला साहसी खेळ ठरवलं. पुढे ऑगस्ट 2022 मध्ये मुख्यमंत्री असलेल्या, ठाण्याच्याच एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात पुन्हा तशी घोषणा केली आणि नोकऱ्यांतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ गोविंदांना देऊ केला. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 20 फुटांची मर्यादा घातली, तेव्हा मात्र आपल्या सणांवरच घाला का, असा सूर लागला होता. बंधन आलं की धर्म आणि सवलत आली की खेळ, ही सोयीची भाषा मला पटत नाही. 2017 मध्ये उंचीचं बंधन गेलं, 14 वर्षांखालच्या मुलांवरची बंदी राहिली, आणि ती राहायलाच हवी.

10 ऑगस्ट 2012 रोजी ठाण्यातच जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून 43.79 फुटांचा विश्वविक्रम केला. आधीचा विक्रम स्पेनचा होता. तिथल्या कॅटलोनियात गावच्या संताच्या सणाला असेच मानवी मनोरे उभे राहतात आणि 2010 पासून ते युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. सण संताचा, मनोरा गावाचा. दोन्ही एकत्र नांदतात.

आपल्याकडे याहून जुनं उत्तर आहे, ते म्हणजे काला. वारकऱ्यांचा सप्ताह काल्याच्या कीर्तनाशिवाय संपत नाही. प्रत्येक सवंगड्याची शिदोरी एकत्र कालवायची, कृष्णाने आणि सगळ्यांनी तीच खायची; कुणाची भाकरी कुठली, हे विचारायचं नाही. डोंबिवली-कल्याणच्या बालवाड्यांत गोकुळाष्टमीला मोरपीस लावलेले कृष्ण रांगेने उभे असतात, तेव्हा त्यांच्यातही कोण कुठला, हे कुणी विचारत नाही. गोविंदा धार्मिक आहेच, असं मी म्हणेन, पण त्याचा धर्म काल्याचा आहे. त्यात दार बंद करून घ्यायची सोय नाही, आणि सर्वांत लहान सवंगड्याला सांभाळणं हा त्याचा पहिला नियम आहे.

म्हणून आयोजकांना विनंती एवढीच: लाखांच्या बक्षिसाचा फलक लावण्याआधी सर्वांत वर चढणाऱ्या एक्क्याचं वय तपासा, त्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि कमरेला दोर आहे ना ते स्वतः बघा, आणि पथकातल्या प्रत्येकाचा विमा उतरवल्याशिवाय त्या पथकाला सलामी देऊ देऊ नका.