दाखल्यांतील एक शब्द

सरकारी दाखल्यांतील भाषा कोणाचा मान राखण्यासाठीं किंवा कोणाचा अपमान करण्यासाठीं लिहिलेली नसते. ती लिहिणारा कारकून असे कित्येक कागद रोज लिहितो, आणि कोणता कागद कोणत्या सदराखालीं जावयाचा एवढेंच त्याला त्या शब्दांनीं सांगावयाचें असतें. परंतु ज्याच्या नांवाचा तो कागद असतो त्याला त्यांतील एखादा शब्द जन्मभर वागवावा लागतो. असल्या एका शब्दाविषयीं, आणि तो बदलून मागण्याचा माणसास काय अधिकार आहे याविषयीं, आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

प्रसंग असा घडला. गेल्या पावसाळ्यांत कांहीं कामानिमित्त आम्ही गगनबावड्यास होतों. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेचा हा तालुका; येथून करूळचा व भुईबावड्याचा असे दोन घाट खालीं कोंकणांत उतरतात, आणि गगनगड पावसाळाभर ढगांत बुडालेला असतो. आज्ञापत्राशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या बावडेकर घराण्याची जहागीर ती हीच. एके संध्याकाळीं शेजारच्या वाडीवरील एक शेतकरी आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आला. आम्ही लिहिणारीं माणसें आहों असें त्याला कोणीं तरी सांगितलें होतें. त्यानें सदऱ्याच्या आंतून प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळलेला एक कागद काढला आणि आमच्यापुढें ठेवला. तो मुलाच्या सैन्यांतून झालेल्या मुक्ततेचा दाखला होता.

मुलगा एकोणिसाव्या वर्षीं सैन्यांत भरती झाला. भरतीच्या वेळीं धांवण्यांत तो पुढें होता, आणि वैद्यकीय तपासणींत त्याच्यांत कांहीं उणें निघालें नव्हतें. शिक्षणकेंद्रांत पहिले तीन महिने बरे गेले. चौथ्या महिन्यांत त्याची झोंप उडाली. पुढें कारण नसतां रडूं येऊं लागलें. आणि एके सकाळीं कवायतीच्या मैदानावर हुकूम कानीं पडत असतांही तो जागचा हालला नाहीं. कांहीं आठवडे रुग्णालयांत काढल्यावर त्यास घरीं पाठविण्यांत आलें. दाखल्यावर कारण लिहिलें होतें तें असें: कार्यक्षम सैनिक होण्याचा संभव नाहीं. या गोष्टीस आतां सहा-सात वर्षें झालीं. औषधोपचारानें मुलगा बरा झाला, भाताची व नाचणीची शेती तो आतां एकटा ओढतो. परंतु मध्यंतरीं एका कारखान्यांत रखवालदाराची जागा निघाली असतां तेथील अधिकाऱ्यानें हा कागद वाचून मुकाट्यानें परत केला. गांवांत तर, पोरगें आळशी निघालें म्हणून हांकलून दिलें, हा निकाल केव्हांच लागून गेला होता. बाप म्हणाला, "पोरगं कामचुकार न्हाई वो, साहेब. येवढा येक शबुद बदलून मिळंल असं कायतरी लिवून द्या."

त्यानें पैसा मागितला नाहीं, कोणास शिक्षा व्हावी असेंही त्याच्या मनांत नव्हतें. त्याला एक शब्द बदलून हवा होता. ही मागणी दिसावयास लहान आहे. पण तिचा विचार करूं लागलें म्हणजे ती वाटते तितकी लहान नाहीं असें दिसून येतें.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९५४ च्या सैनिक-नियमांतील १३ व्या नियमान्वयें, ज्याचा शपथविधि अद्याप झालेला नाहीं अशा रंगरुटास काढून टाकण्याचा अधिकार त्याच्या अधिकाऱ्यास आहे. आणि ज्यांच्या हातून कार्यक्षम सैनिक होणें संभवत नाहीं असे रंगरूट याच सदराखालीं निकालांत काढावे, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे आमच्यापुढील शब्द कोणीं द्वेषानें योजलेला नव्हता. तो नियमांतूनच आलेला होता. परंतु १९५० च्या सैनिक-कायद्याच्या २३ व्या कलमांत आणखी एक गोष्ट आहे. सेवा संपलेल्या प्रत्येक जवानास दाखला दिला पाहिजे. त्यांत सेवा कोणाच्या अधिकारानें संपली, कोणत्या कारणानें संपली आणि ती एकंदर किती काळ झाली हें लिहिलें पाहिजे. आणि तो दाखला इंग्रजीप्रमाणेंच त्या जवानाच्या मातृभाषेंतही असला पाहिजे. मातृभाषेचा हा आग्रह आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. तो कागद त्याच्या घरीं वाचला जाणार आहे, ही गोष्ट कायदा करणारांनीं जाणली होती असेंच त्यावरून दिसतें. जो कागद आईबापांनीं वाचावयाचा आहे त्यांत काय लिहावें याची जबाबदारी साध्या कचेरीच्या टिपणापेक्षां निश्चितच अधिक आहे.

यावर पूर्वपक्ष असा करतां येईल. सैन्य हें धर्मादाय नव्हे. ज्याच्या हातांत बंदूक द्यावयाची, आणि ज्याच्या जागरूकतेवर शेजारच्या दहा जणांचा जीव अवलंबून राहावयाचा, त्याच्याविषयीं शंका असेल तर त्यास वेळींच दूर करणें हें अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे. आज दया दाखवून उद्यां दुसऱ्याचा प्राण धोक्यांत घालणें ही दया नव्हे. आणि जें खरें आहे तें कागदावर लिहिलें तर त्यांत अन्याय कोणता? मुलाच्या समाधानासाठीं सरकारनें गोड असत्य लिहावें काय?

या पक्षांतील पहिला भाग आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. मुलास घरीं पाठविलें याबद्दल त्याची स्वतःचीही तक्रार नव्हती. पण दुसऱ्या भागांत एक घोटाळा आहे. सेवा संपविणें ही एक कृति आहे आणि माणसाविषयीं मत देणें ही दुसरी कृति आहे. पहिलीचा अधिकार असला म्हणजे दुसरीचा आपोआप येतो असें नाहीं. "हें काम याला झेपलें नाहीं" हें विधान काम आणि माणूस या दोहोंच्या संबंधाविषयीं आहे. "याच्यांत तो गुणच नाहीं" हें विधान एकट्या माणसाविषयीं आहे. अधिकाऱ्यानें पहिलें लिहावें आणि जगानें दुसरें वाचावें, असा त्या शब्दाचा परिणाम होतो. शिवाय जें प्रत्यक्ष घडलें, म्हणजे मुलगा आजारी पडला, तें तर त्या कागदावर कोठेंच नाहीं. तेव्हां शब्द बदलून मागणारा बाप असत्य मागत नसून, वगळलेलें सत्य मागत होता.

आतां कोणी म्हणेल कीं, आजार तरी कोठून आला? दोष मुळांत त्याच्या मनांतच असला पाहिजे. नाहीं तर त्याच मैदानावर दुसरे शेंकडों तरुण कसे टिकले? या प्रश्नास गगनबावड्याचा पाऊसच उत्तर देईल. येथें वर्षास पांच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पूर्व टोकास शिरोळ तालुका आहे; घरोघर सैनिक असलेली सैनिक टाकळी त्याच तालुक्यांतली. तेथील पाऊस बावड्याच्या पावसाच्या एका लहानशा अंशाइतका. शिरोळकडे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिलेली मातीची भिंत बावड्यास बांधली तर एका आषाढांत खचेल. ती खचली म्हणून तिच्यांत दोष होता असें म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें. पण पाऊस पडलाच नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. प्रत्येक मनाची एक सहनमर्यादा असते, आणि तिची कसोटी लागेपर्यंत ती कोणासच ठाऊक नसते, त्या मनाच्या धन्यासही नसते. जे टिकले त्यांची मर्यादा त्या भारापेक्षां थोडी पुढें होती इतकेंच. त्यांची कसोटी पाहणारा भार कदाचित् अद्याप आलेला नसेल.

आमचीं न्यायालयेंही याच प्रश्नाशीं झगडत आलीं आहेत. प्रश्न दाखल्यांतील शब्दांचा नसून अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा होता, पण मुद्दा हाच. २०१३ सालीं धरमवीर सिंग यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८२ च्या नियमांच्या आधारें असें ठरविलें कीं, भरतीच्या वेळीं कांहीं नोंद नसेल तर मनुष्य निरोगी होता असें गृहीत धरावें, आजाराचा सेवेशीं संबंध नाहीं हें सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा, आणि संशयाचा फायदा जवानास मिळावा. हा जवान १९८५ त सैन्यांत आला आणि अपस्माराच्या कारणानें १९९४ त बाहेर पडला होता. उलट २०१९ सालीं नरसिंग यादव यांच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें म्हटलें कीं, छिन्नमनस्कतेसारखा मनाचा आजार भरतीच्या तपासणींत दिसून येणारा नसतो. म्हणून नोंद नव्हती एवढ्यावरून तो सेवेमुळें झाला असें मानतां येणार नाहीं. पुढें २०२५ सालीं मनाच्या आजाराच्याच दुसऱ्या एका प्रकरणांत, वैद्यकीय मंडळानें आपल्या मताचीं कारणें दिलींच पाहिजेत, यावर न्यायालयानें भर दिला. या तीन निर्णयांत जो मतभेद दिसतो तो आम्हांस स्वाभाविक वाटतो. बीज आंतलें किती आणि वारा बाहेरचा किती याचें माप अद्याप कोणाजवळच नाहीं. पण जेथें माप नाहीं तेथें निदान मौन तरी पाळावें. माप नसतां सगळा दोष एकाच्याच पदरीं बांधूं नये, हें साधें नीतितत्त्व आहे.

दुसऱ्या देशांचा अनुभवही येथें उपयोगी पडेल. पहिल्या महायुद्धांत तोफांच्या माऱ्याखालीं मन खचलेल्या सैनिकांविषयीं चार्ल्स मायर्स या वैद्यानें १९१५ सालीं लिहिलें आणि त्या आजाराचें नांव सर्वतोमुखीं झालें. तरीही त्या युद्धांत पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्यानें ज्यांस गोळ्या घातल्या त्यांपैकीं ३०६ जणांस क्षमा मिळावयास २००६ साल उजाडावें लागलें. आणि त्या क्षमेच्या कायद्यांतही, मूळचा दोषनिर्णय यानें रद्द होत नाहीं, असें लिहून ठेवण्यांत आलें. क्षमा आणि दुरुस्ती यांतील अंतर याहून स्पष्ट कोठें दिसेल असें आम्हांस वाटत नाहीं. क्षमा करणारा म्हणतो, "तूं चुकलास, पण जाऊं दे." दुरुस्ती करणारा म्हणतो, "आम्ही चुकलों." अमेरिकेनें १९४४ च्या कायद्यानेंच सैनिकांच्या मुक्ततेच्या दाखल्यांचा फेरविचार करणारीं मंडळें निर्माण केलीं, आणि मनावरील आघातामुळें ज्यांचे दाखले डागाळले अशा माजी सैनिकांच्या अर्जांचा उदारपणें विचार करावा, अशी सूचना २०१४ सालीं तेथील संरक्षण-मंत्र्यांनीं दिली. आमच्याकडेही दाद मागण्याची सोय नाहीं असें नाहीं: २००७ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेलें सशस्त्र सेना न्यायाधिकरण २००९ पासून काम करीत आहे, आणि त्याचें एक पीठ मुंबईस आहे. पण बावड्याच्या वाडीवरून मुंबई किती दूर आहे हें नकाशावरून कळत नाहीं.

हा प्रश्न केवळ गरीब शेतकऱ्यांच्या मुलांचा आहे असेंही नाहीं. खडकवासल्याच्या प्रबोधिनींत व इतर संस्थांत अधिकारी होण्यासाठीं शिकत असतां अपंग होऊन परतलेल्या तरुणांची हकीकत वृत्तपत्रांत आली, आणि २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें ती आपण होऊन विचारास घेतली. अधिकारपद मिळण्यापूर्वींच बाहेर पडल्यामुळें त्यांस माजी सैनिक हें नांव मिळत नाहीं. १९८५ पासून अशांची संख्या पांचशेंच्या आसपास असल्याचें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. त्यांतही ज्याचा पाय गेला त्याला निदान सहानुभूति मिळते. मन दुखावलेल्याची व्यथा दिसतच नाहीं. शिवाय २०२२ पासून जवानांची भरती चार वर्षांपुरती होऊं लागली असून त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढें कायम व्हावयाचे आहेत. म्हणजे असे दाखले घेऊन घरीं परतणारे तरुण यापुढें गांवोगांव असणार, आणि ते दाखले कसे वाचावे हें आपणांस शिकावें लागणार.

आतां या विषयांतील जें सर्वांत अवघड आहे तें सांगतों. आम्ही अर्ज लिहावयास बसलों आणि पहिल्याच वाक्यांत "मानसिक आजार" हे शब्द लिहून ते वाचून दाखविले. तोंच बापानें दाराकडे पाहिलें. बाहेर कोणी ऐकत तर नाहीं ना! मग तो हळूच म्हणाला, "पाय मोडला म्हून लिवता येत न्हाई का? मग कुणी काय बोलणार न्हाई." तेव्हां आमच्या लक्षांत आलें कीं, या मुलापुढें न्याय आणि अन्याय असे दोन मार्ग नसून दोन कलंक आहेत. जुना शब्द राहूं द्यावा तर तो नालायक ठरतो; खरें कारण लिहावें तर गांव त्याला वेडा म्हणेल आणि मुलगी कोणी देणार नाहीं. न्याय मिळविण्याचें मोल म्हणून त्याला जी गोष्ट जाहीर करावी लागते, तिचीच शिक्षा समाज त्याला देणार!

येथें दोष कचेरीचा नाहीं, आमचा आहे. मानसिक आजार झाला एवढ्यावरूनच कोणी बुद्धिभ्रष्ट ठरत नाहीं, असें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें स्पष्ट म्हटलें आहे. कायदा जें मानतो तें आमचीं सुशिक्षित घरें मानीत नाहींत. विषमज्वरांतून उठलेल्या मुलास आपण "आतां बरा झाला" म्हणतों. मनाच्या दुखण्यांतून उठलेल्यास "एकदां झालें होतें" म्हणतों. पहिल्याचा आजार भूतकाळांत जातो, दुसऱ्याचा कधींच जात नाहीं. कारखान्यांतील ज्या अधिकाऱ्यानें तो कागद परत केला त्याच्या जागीं आपण असतों तर काय केलें असतें, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें. आम्हीं विचारलें, आणि उत्तर फारसें समाधानकारक आलें नाहीं.

म्हणून बापाच्या सांगण्याप्रमाणें पाय मोडल्याचें लिहावें काय? तसें लिहिण्यास आम्हांस धीर झाला नाहीं. पण त्यास उपदेश करण्यासही झाला नाहीं. खोटें बोलण्याची पाळी ज्यानें आणली त्यानें सत्याचा उपदेश करणें शोभत नाहीं. शेवटीं निर्णय मुलानेंच केला. तो इतका वेळ गप्प बसला होता. तो म्हणाला, "झालतं तेच लिवा. मी आजारी पडलो हुतो. काम चुकवलं न्हाई." बाप म्हणाला, "आनि लोकं?" मुलगा म्हणाला, "लोकांस्नी म्हाईतच हाय, दादा. आपणच लपवतोय."

आम्हीं तसेंच लिहिलें. रुग्णालयाचे जे कागद त्यांच्यापाशीं होते त्यांच्या नकला जोडल्या, आणि अर्ज दुसऱ्या दिवशीं टपालानें गेला. त्याचें उत्तर अद्यापि आलेलें नाहीं. मुदत उलटून गेल्याचें कारण सांगून तो कदाचित् परतही येईल, आणि मग वकील, मुंबई व खर्च हे प्रश्न उभे राहतील. तें सरकारच्या हातीं आहे. परंतु तो कागद, जुना असो वा दुरुस्त केलेला, पुढेंमागें आमच्यापैकींच कोणाच्या तरी हातीं येणार आहे: नोकरी देणाऱ्याच्या, कर्ज देणाऱ्याच्या, मुलीच्या बापाच्या. त्या वेळीं त्यांतील शब्द वाचून तो मुकाट्यानें परत करावयाचा, कीं समोर उभ्या असलेल्या माणसास "बसा" म्हणून काय घडलें तें विचारावयाचें, एवढें मात्र आमच्या हातीं आहे.